रेडिओ सुटला

“मी म्हणतो, घरी बसून पोळ्या लाटाव्यात ना. हे सोल्डर-बिल्डर करत कशाला बसायचं?”

अनिल सरवटे हे पुटपुटला ते भाड्याच्या मॅटाडोरच्या पलीकडे उभा राहून, रुचिरच्या कानाशी. पण मॅटाडोरचं दार सताड उघडं होतं, आणि दाराच्या अलीकडे, जेमतेम दोन हातांवर, विनोदिनी उकिडवी बसून जुन्या चादरीत विमानाचे तुकडे वेचत होती.

“श्श. काकू इथंच आहेत कुठंतरी,” रुचिर म्हणाला.

“असू दे. इशिता पाच मिनिटांपूर्वी तिथं बसून बोरं खात होती यार. माझी पोरगी. तिथं!”

विनोदिनीनं मान वर केली नाही. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या चिरफळ्या, पिवळ्या-काळ्या कागदाच्या चिंध्या, एकेक उचलत राहिली. राग आला नाही असं नाही. पण अनिल बोटानं दाखवत होता ती जागा तिनंही पाहिली होती. विमानाचं नाक जिथं वीतभर जमिनीत घुसलं होतं, तिथून बोरांच्या बिया सहा पावलांवर पडल्या होत्या. पावलं तिनं मोजली होती.

शहाण्णवच्या जानेवारीतला हा पहिला रविवार, आणि दसऱ्यापासून पडलेलं हे तिसरं विमान. तिन्ही वेळा भय्यासाहेबांनी अगदी सारखंच केलं होतं. हातातला ट्रान्समीटर घडीच्या टेबलावर ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि शांतपणे म्हणाले, “रेडिओ सुटला.”

देवास रोडवरच्या हवाई पट्टीवर रेडिओनं चालणारी छोटी विमानं उडवायला दर रविवारी जमणाऱ्या त्या पाच-सात हौशी माणसांत हे दोन शब्द म्हणजे दुखवट्याचे शब्द. रेडिओ सुटला म्हणजे खालून पाठवलेला हुकूम वरच्या विमानानं ऐकला नाही. उडवणाऱ्याचा हात चुकला नाही, हुकूमच पोचला नाही. मग बाकीच्यांनी “हो ना, या रेडिओचं काही खरं नाही” म्हणायचं, थर्मासमधला चहा घ्यायचा आणि विषय मिटवायचा. एकच अडचण होती. भय्यासाहेबांच्या विमानात हुकूम ऐकणारी ती डबी, म्हणजे रिसीव्हर, बसवायची विनोदिनी. तेव्हा रेडिओ सुटला म्हटलं की नाव न घेता नाव कोणाचं निघतं, ते सगळ्यांना कळत होतं. भय्यासाहेबांनाही कळत असावं. ते तिचे यजमान होते.

भय्यासाहेब पोतनीस सरकारी पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. पूर्वज शिंद्यांच्या दरबारी फडावर, म्हणजे कचेरीत, लिहायला बसायचे. त्या फडाचं आता एवढंच उरलं होतं की रेघ वाकडी गेली तर यांना जेवण जात नसे. एनसीसीच्या पोरांना विमानांचे नमुने शिकवता शिकवता त्यांना स्वतःलाच नाद लागला. विनोदिनी देवासची. तिच्या वडिलांचं, बापूंचं, तिथं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. मुलगा नव्हता, म्हणून पाचवीपासून ही दुकानात. कॉलेजची पायरी चढली नाही, पण रेडिओ उघडताच आत काय जळलंय ते वासावरून सांगायची. पंच्याऐंशी साली कोणाच्या तरी भाच्यानं सिंगापूरहून कपड्यांच्या घड्यांत दडवून पहिला जपानी सेट आणला, तेव्हा भय्यासाहेबांनी पुस्तिका वाचली आणि हिनं तो बसवला. आता बाजार खुला झाला होता, कलकत्त्याला फोन केला की आठ दिवसांत पार्सल घरी. बसवणारे हात मात्र तेच राहिले.

तिची पद्धत ठरलेली. रिसीव्हर स्पंजात गुंडाळायचा, बाळ गुंडाळतात तसा, ना घट्ट ना सैल. सेल त्याच्या पुढं, नाकाकडं ठेवायचे. विमान आपटलं तर सेलांनी मागून येऊन त्याला चिरडता कामा नये. वेलदोड्याएवढा क्रिस्टल त्याच्या खाचेत बसवायचा, आणि त्याच नंबरचा जोडीदार ट्रान्समीटरमध्ये. क्रिस्टल नसेल तर रिसीव्हर ठार बहिरा. अँटेनाची तार शेपटीपर्यंत सरळ न्यायची. लांब झाली म्हणून कापायची नाही, लोंबते म्हणून गुंडाळायची नाही. शेवटी एकेका जोडणीवर दोऱ्याचा एकेक वेढा. अकरा वर्षांत तिचा एकही वेढा सुटला नव्हता.

म्हणून त्या रविवारनंतर तिनं पडलेल्या विमानातला रिसीव्हर स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी मांडला, त्याला शेपटीची फळी हलवणारी छोटी मोटर जोडली आणि तीन दिवस छळला. कणीक मळता मळता ट्रान्समीटरची कांडी डावीकडं करायची, मोटर डावीकडं. फोडणी देता देता उजवीकडं, मोटर उजवीकडं. फ्रिजमध्ये ठेवून पाहिला, गच्चीवर उन्हात ठेवून पाहिला, लाटण्यानं ठोकून पाहिला. एकदाही चुकला नाही. एखादा कच्चा सांधा सापडता तर तिनं त्याला ओवाळलं असतं.

“काही सापडलं?” भय्यासाहेब दाराशी येऊन विचारायचे. दिवसातून चार-चार वेळा. आवाजात अशी काकुळती, की जणू डॉक्टरच्या दाराबाहेर बसलेत.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, “सापडलं. अँटेनाचा सांधा कच्चा होता.”

“मी म्हणत होतोच!” त्यांचा चेहरा उजळला. “तू मनाला लावून घेऊ नको ग विनू. होतं असं.”

वर माफीही मिळाली. ती परातीत पीठ चाळत राहिली.

अठ्ठावीस तारखेला, रविवारी, हवाई पट्टीवर एनसीसीच्या शिबिराचा समारोप होता. दोनशे कॅडेट, त्यांचे आईबाप, कोणी मेजरसाहेब. भय्यासाहेबांचं विमान हा शेवटचा कार्यक्रम, वर्षानुवर्षं असायचा तसा. त्यासाठी त्यांनी नवं विमान केलं होतं, सहा फुटी पंखांचं, तीन किलोचं, आणि पंखांना खालून-वरून भडक राणी रंग.

“कोणाची वरात काढायची आहे का?” विनोदिनीनं विचारलं.

“लोकांना दिसायला नको?”

दसऱ्याचं विमान पांढरं होतं. दिवाळीनंतरचं नारिंगी. मग पिवळं-काळं. आता हे. लोकांना दिसायला, असंच ते प्रत्येक वेळी म्हणाले होते.

गुरुवारी संध्याकाळी दोघं विमान घेऊन दशहरा मैदानावर गेले, रिसीव्हर किती लांबून ऐकतो ते तपासायला. ही तपासणीही त्यांचीच बसवलेली. ट्रान्समीटरची अँटेना मिटून ठेवायची, म्हणजे त्याचा आवाज अगदी बारीक होतो. मग भय्यासाहेब कांडी हलवत हलवत दूर जाणार, दर पाच पावलांवर थांबून वळणार. विनोदिनी विमानापाशी उभी. शेपटीची फळी हुकूम ऐकतेय तोवर तिचा उजवा हात वर. ऐकेनाशी झाली की हात खाली, आणि हात खाली आला की त्यांनी परतायचं. ओरडायचं नाही. मैदानावर ओरडलेलं अर्धंच पोचतं, हा त्यांचाच नियम.

पंचवीस पावलांवर ते वळले. फळी हलत होती, तिचा हात वर. तीस. हात वर. पस्तिसाव्या पावलाला वाऱ्यानं तिचा पदर उडाला आणि तो सावरायला तिनं हात खाली घेतला.

भय्यासाहेबांनी मान डोलावली आणि पुढं निघाले.

तिला वाटलं, विसरले. चाळीस पावलांवर ते पुन्हा वळले. तिनं हात मुद्दाम अंगालगत ठेवला. त्यांनी पुन्हा मान डोलावली. पंचेचाळिसाव्याला तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले. पन्नासाव्याला ती सरळ खाली गवतात बसली, आणि तशीच बसून त्यांच्याकडं बघत राहिली. पंचावन्न. साठ. मग ते झपझप परत आले, दम लागलेला, आनंदी.

“साठ पावलं! आणि तुझा हात एकदासुद्धा खाली आला नाही.”

“नाही आला,” ती म्हणाली, आणि गवत झटकत उठली.

नवरात्रात ते एकटेच इंदूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आले होते. “नंबर वाढलाय, बाकी काही नाही.” डॉक्टरचा कागद त्यांनी कंपासपेटीत ठेवला होता. तो तिथं आहे हे विनोदिनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चार महिने ती त्या पेटीवरची धूळ पुसत होती, पेटी उघडली नव्हती. दिवाळीपासून स्वतःची स्कूटर सोडून ते रुचिरच्या मागं बसून जात, गुडघा दुखतो म्हणून. त्या गुडघ्याला तिनं रोज तेलही लावलं होतं. बायकोला नवऱ्याचं सगळं कळतं म्हणतात. कळतं, पण कळून न घेण्याची विद्याही तिच्याचकडं असते, ते कोणी सांगत नाही.

शुक्रवारी दुपारी ते आडवे झाल्यावर तिनं कागद काढला आणि शब्दकोश घेऊन बसली. इंग्रजी एकेक शब्द फोडून वाचायची तिची रीत. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. शस्त्रक्रियेनं सुधारणार नाही. कडेची नजर राहील. खाली एक ओळ वेगळी, अधोरेखित: वाहन चालवू नये.

म्हणजे भिंतीचे कोपरे दिसतात, दार दिसतं, आणि जिथं नजर लावावी नेमकं तेवढंच पुसलं जातं. म्हणून ते घरात कुठं ठेचकाळत नव्हते. म्हणून अंगणात कोणाला शंका येत नव्हती. आभाळात बघणाऱ्या त्या माणसाला सगळं आभाळ दिसत होतं, फक्त त्यातलं विमान नाही.

संध्याकाळी रुचिर इंधनाचा डबा द्यायला आला. वीज मंडळात ज्युनिअर इंजिनिअर, भय्यासाहेबांचा पॉलिटेक्निकमधला विद्यार्थी, आणि खरं तर आता त्यांच्यापेक्षा चांगलं उडवणारा.

“रुचिर, माझा रिसीव्हर बिघडतो का रे?”

“काकू, रेडिओचं काही सांगता येत नाही.”

“माझ्याकडं बघून बोल.”

तो डब्याकडं बघत राहिला. डब्याच्या झाकणाला इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा ओघळ आला होता, तो त्यानं अंगठ्यानं पुसला, पुन्हा पुसला. “सरांनी मला हाताला धरून शिकवलंय काकू. मी कसा…” एवढंच बोलून तो चप्पल घालायला लागला.

शनिवारी ती फ्रीगंजमध्ये अनिलच्या बँकेत गेली. तिला पाहून तो उठून उभा राहिला.

“वहिनी, तुम्ही टेन्शन नका घेऊ. आपण नवीन रिसीव्हरच मागवू कलकत्त्याहून. आता तर काय, सगळं मिळतं.”

“सगळं?”

अनिलनं तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“परवा तर तुम्ही मला पोळ्या लाटायला पाठवत होतात.”

त्याचे कान लाल झाले. “ऐकलंत होय? सॉरी वहिनी. इशिता तिथं… माझं डोकंच चाललं नाही.” मग आजूबाजूला बघून, आवाज उतरवून म्हणाला, “तुम्हीच बोला ना त्यांच्याशी. तुमचं ऐकतील.”

“काय बोलू?”

अनिलनं टेबलावरचा शिक्का उचलला, पुन्हा ठेवला. “मतलब… रेडिओबद्दल.”

त्या रात्री जेवताना तिनं भाजी वाढता वाढता विषय काढला. “अहो, यंदा रुचिरला उडवू द्या ना.”

“का? मी मेलोय?”

“असं काय बोलता? तरुण पोरगा आहे, त्यालाही लोकांनी बघावं.”

भय्यासाहेबांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. पण ते अगदी मऊ आवाजात बोलले. “विनू, तीस वर्षं फळ्यासमोर उभा होतो. आता घरी बसलो की मी कोणाचाच कोणी नसतो ग. रविवारी ती ट्रान्समीटरची पेटी हातात घेतली की तासभर मी कोणाचा तरी सर असतो. तेवढं राहू दे.”

तिनं तेवढं राहू दिलं. आमटी वाढली.

रविवारी ऊन छान होतं, वारा बेताचा. हवाई पट्टीच्या कडेला तंबू लावला होता. तंबूपुढं खुर्च्यांवर आईबाप, आणि सगळ्यांत पुढं, जाजमावर मांडी घालून, खाकीतली पोरं-पोरी. ओळीमागून ओळी. कोणी माना वर करून आत्तापासूनच आभाळात बघत होती. पट्टी आणि पहिली ओळ यांच्यामध्ये एक सुतळी बांधली होती.

विनोदिनीनं ती सुतळी पाहिली आणि तिचं ठरलं. पंख बसवण्याआधी शेवटची जोडणी बघायच्या निमित्तानं तिनं विमानाच्या पोटात बोटं घातली, क्रिस्टल खाचेतून उपसला आणि मुठीत धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःच्या हातचं काम स्वतः बिघडवलं.

भय्यासाहेबांनी कांडी डावीकडं केली. शेपटीशी बसलेला रुचिर म्हणाला, “सर, फळी हलत नाही.”

उजवीकडं. “नाही सर.”

एका क्षणात सगळ्यांचे चेहरे सैल पडले. ते तिला अगदी स्वच्छ दिसलं. अनिल तर जवळजवळ टाळी वाजवत पुढं आला. “चला, रेडिओ सुटला! जमिनीवरच सुटला ते बरं झालं. होतं असं.” रुचिरही म्हणाला, होतं असं. मेजरसाहेब हसून म्हणाले, “कोई बात नहीं सर, अगली बार सही. बच्चों को जहाज़ नज़दीक से दिखा देंगे.”

“अगली बार कशी?” भय्यासाहेब म्हणाले. “पोरं सकाळपासून बसलीत. रुचिर, तुझ्या विमानातला रिसीव्हर काढ. अगं, दहा मिनिटांत बसवशील ना?” आणि मग मेजरसाहेबांकडं वळून, कौतुकानंच, “हमारी मिसेस का काम है साहब. दो-चार महीने से ज़रा हाथ चूक रहा है, वरना पूरे मालवे में ऐसा कारीगर नहीं.”

मेजरसाहेबांनी तिला नमस्कार केला. अनिल जमिनीकडं बघायला लागला. रुचिर उठून आपल्या विमानाकडं निघाला होता, तो अर्ध्यात थांबला आणि तिच्याकडं बघत राहिला. तिनं हो म्हणावं, आज म्हणावं, पुढच्या रविवारी म्हणावं, आणि हात चुकतो म्हणून तिचं नाव जावं. सगळ्यांनी मिळून ते किती सोयीस्कर करून ठेवलं होतं. तिचीही त्याला ना नव्हती. नावाचं काय, जाऊ दे. पण दुसरा रिसीव्हर बसला की विमान वर जाणार होतं, आणि रिसीव्हर तर दुसराही चांगलाच होता.

जाजमावरच्या पहिल्या ओळीतली एक लहानशी पोरगी बुटाची नाडी बांधत होती. तिची टोपी सुतळीच्या अलीकडं आली होती.

“थांब रुचिर,” विनोदिनी म्हणाली. तिनं मूठ उघडली. वेलदोड्याएवढा क्रिस्टल तिच्या तळहातावर होता; रुचिरनं तो पाहिला, अनिलनंही पाहिला. तिनं तो विमानाच्या पोटात परत त्याच्या खाचेत बसवला, टक् आवाज येईपर्यंत दाबला. “हं. हलवा कांडी.”

फळी डावीकडं गेली. उजवीकडं गेली. चटकन, जिवंत.

“वा! सापडला दोष?” भय्यासाहेबांनी तिच्या दिशेनं मान केली. त्यांची नजर तिच्या कानाच्या जरा बाजूला होती. ती रोज तशीच असायची. आज तिनं त्या नजरेत पाहिलं.

“हो, हो, सापडला सर,” रुचिर घाईघाईनं म्हणाला.

“सापडला ना वहिनी?” अनिल म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती.

विनोदिनी उठून भय्यासाहेबांपुढं जाऊन उभी राहिली. त्यांच्या हातातल्या ट्रान्समीटरवर तिनं आपला हात ठेवला. हळूच सांगावं, कानात सांगावं, घरी गेल्यावर सांगावं, असं तिनं किती दिवस घोकलं होतं. पण आवाज निघाला तो मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचेल एवढा निघाला.

“दोष नव्हताच. रिसीव्हर चांगला आहे. दसऱ्याला चांगला होता, दिवाळीला चांगला होता, परवाही चांगला होता. अहो, तुम्हाला विमान दिसत नाही.”